वडिलांचा पाय, तुमचा ब्रेक

पिंपरीत राहणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एका वाचकाचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते आहे. नगर रस्त्यावरच्या ऑफिसात ते रोज स्वतः गाडी चालवत जातात. एका वेळचं अंतर १७ किलोमीटर. ते लिहितात:

"घरात, ऑफिसात माझा आवाज कधी चढत नाही. पण गाडीत बसलो की दहा मिनिटांत मी वेगळाच माणूस होतो. हॉर्न, शिव्या, कोणी कट मारला की त्याला गाठून परत कट मारणं, सगळं करतो. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. ३२ वर्षं गाडी चालवली, वरंध घाटातून महाडला कितीतरी वर्षं जात होते. विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांनी अजून कपाटात जपून ठेवलाय. दिवाळीच्या आधी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत होतो. येरवड्याजवळ एक मोटरसायकलवाला आरशाला घासून पुढे गेला. मी अर्धा किलोमीटर त्याचा पाठलाग केला, गाडी आडवी घातली आणि खाली उतरलो. वीस-बावीस वर्षांचा पोरगा होता, हात जोडून उभा राहिला. वडील काहीच बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात सासवडला लग्न होतं. तेव्हा म्हणाले, 'तुम्ही व्हा पुढे, मी एसटीने येतो.' फार खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, 'तुझ्या गाडीत माझा पाय सारखा ब्रेक शोधतो रे.'

शांतपणे चालवायचं मी दोन-तीनदा ठरवून पाहिलं. पण पुढच्या गाडीपासून जरा अंतर सोडलं की तिघे घुसतात. पिवळ्या सिग्नलला थांबलो की मागचा हॉर्न मारून जीव नकोसा करतो. आपल्याकडे सभ्यपणे चालवणारा मूर्खात निघतो. वडिलांच्या काळात रस्ते रिकामे होते, त्यांना हे कसं कळणार? मी एकट्याने बदलून काय होणार? की सरळ ड्रायव्हर ठेवू?"

नमस्कार,

आधी वडिलांच्या काळाबद्दल बोलू, कारण तुमच्या पत्रातला मला न पटलेला पहिला मुद्दा तोच आहे.

माझं माहेर महाडचं. कॉलेजसाठी मी पुण्यात होते आणि दर सुट्टीला वरंध घाटातून एसटीने घरी जायचे. कोण जाणे, एखाद्या वेळी तुमच्या वडिलांच्या गाडीतही बसले असेन. ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली की मी हटकून तिथे बसायची. एकदा घाट उतरताना एका वळणाच्या बऱ्याच अलीकडे ड्रायव्हरने गाडी डोंगराच्या अंगाला घेतली आणि थांबवली. समोर काहीच दिसत नव्हतं. मागून कोणीतरी म्हणालं, "चला की राव, कशाला थांबलाय?" त्याने वळूनही पाहिलं नाही. एक हात गिअरच्या दांड्यावर, दुसरा स्टिअरिंगवर सैल ठेवलेला, नजर वळणावर. मग खालून घुरघुर ऐकू यायला लागली आणि पहिल्या गिअरवर कण्हत चढणारा एक भरलेला ट्रक वळणातून वर आला. आमच्या शेजारून जाताना ट्रकवाल्याने खिडकीतून हात वर केला, आमच्या ड्रायव्हरने स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलली, आणि आम्ही निघालो.

अरुंद घाटात उतरणाऱ्या गाडीने चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, हा नियमच आहे. भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की पुन्हा उचलताना मागे घसरण्याचा धोका असतो. त्या ड्रायव्हरला तो ट्रक दिसण्याआधी ऐकू आला होता आणि त्याने जागा आधीच करून ठेवली होती. रस्ता रिकामा होता म्हणून तो शांत होता असं मला मुळीच वाटत नाही. एकेरी डांबराची पट्टी, एका बाजूला दरी, पॉवर स्टिअरिंग नाही, मागे पन्नास माणसं, रस्त्यात बैलगाड्या आणि गुरं. गाड्यांची संख्या तेव्हा कमी होती हे खरंच. पण चूक पोटात घालायला रस्त्याला जागाच नव्हती, म्हणून ती जागा माणसं स्वतः ठेवत.

तुमच्या गाडीत वडिलांना तीच जागा सापडत नाही. त्यांचा पाय ब्रेक शोधतो, कारण तुम्ही ब्रेक मारणार आहात की नाही याचा त्यांना अंदाज येत नाही. तुम्हाला घाबरवायला किंवा टोमणा मारायला ते तसं बोलले नसावेत. ३२ वर्षं पुढे काय होणार ते आधी ओळखणाऱ्या पायाला तुमच्या शेजारी बसून काही ओळखता येईना, एवढंच त्यांनी सांगितलं.

तेव्हा तुमच्या "अंतर सोडलं की तिघे घुसतात" या तक्रारीकडे वळते. घुसतात, यात शंका नाही. पण ते घुसल्यावर तुमचं नेमकं काय जातं, ते आपण एकदा शांतपणे मोजू. चालत्या रहदारीत एक गाडी तुमच्या पुढे आली की तुम्ही साधारण दोन सेकंदांनी मागे पडता. ऑफिसला पोचेपर्यंत तीस जण घुसले असं धरा. तीस दुणे साठ. एक मिनिट. आता उलटा हिशोब. १७ किलोमीटर तुम्ही ताशी सरासरी २२ च्या वेगाने गेलात तर ४६ मिनिटं लागतात. नाक घालून, कट मारून, लेन बदलत सरासरी २४ वर नेलीत तरी ४२-४३ मिनिटं. चार मिनिटंसुद्धा वाचत नाहीत आणि तीही पुढचा सिग्नल लाल लागला की गेली. माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः मोजा. दहा दिवस निघायची आणि पोचायची वेळ एका चिठ्ठीवर लिहा. पाच दिवस नेहमीसारखे जा, पाच दिवस अंतर सोडून. ज्यांना ज्यांना मी हे करायला लावलं त्या सगळ्यांना फरक अपेक्षेपेक्षा कमी दिसला. आणि हा फरक कागदावर आपल्या अक्षरात दिसला की तो पटतो, दुसऱ्याने सांगून पटत नाही.

अंतर किती सोडायचं? गाडी वेगात असेल तर पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात म्हणा, "एकशे एक, एकशे दोन." दोन म्हणून व्हायच्या आत तुम्ही खांबापाशी पोचलात तर फार जवळ आहात. पावसात हे अंतर दुप्पट ठेवा. ताशी ५० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. समोर काही आलं हे कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत तेवढी जमीन गेलेलीच असते, गाडी थांबायला लागणारं अंतर त्यापुढे सुरू होतं. आणि वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यावर घसटत जायचं अंतर चौपट होतं. रांगेत उभे असाल तर पुढच्या गाडीची मागची चाकं जमिनीला टेकलेली दिसतील एवढ्यावर थांबा. त्यात कोणी घुसलं तर पाय थोडा सैल करा, अंतर पुन्हा तयार होतं. ही मोकळी जागा आपण "गमावतो" अशी आपल्या मनाची समजूत असते. मला वाटतं, त्या जागेत तुमचा सगळा शांतपणा आहे. समोरच्या बंपरला चिकटून चालणाऱ्या माणसाला शांत राहणं शक्यच नसतं, मग तो स्वभावाने कितीही थंड असो. त्याच्या शरीराला सारखा धोक्याचा इशारा मिळत असतो आणि त्या इशाऱ्याला तो राग समजतो. म्हणून "शांत राहायचं ठरवलं" हा तुमचा प्रयोग फसला. मन शांत करायला घेतलंत आणि गाडी तिथेच बंपरला चिकटलेली ठेवलीत.

आता त्या मोटरसायकलवाल्याकडे येऊ. हे लिहिणं मला जड जातंय, पण तुम्ही मोकळेपणाने सांगितलंत म्हणून मीही मोकळेपणाने लिहिते. अर्धा किलोमीटर पाठलाग आरशासाठी नव्हता. आरसा काही फुटला नव्हता, निदान तुम्ही तसं लिहिलेलं नाही. तुमचा अपमान झाला असं तुम्हाला वाटलं आणि त्याला धडा शिकवायचा होता. रस्त्यावर आपण फार जण हे मास्तरकीचं काम अंगावर घेतो. अप्पर लाइट टाकणाऱ्याच्या डोळ्यांत आपलाही अप्पर, कट मारणाऱ्याला कट, हॉर्नला हॉर्न. मला आजवर असा एक माणूस भेटलेला नाही जो अशा धड्याने शिकला. तो घरी जाऊन "आज एक येडा भेटला होता" एवढंच सांगतो. शिवाय चालत्या रस्त्यात गाडी आडवी घालून कोणाला अडवणं हा गुन्हा आहे, आणि मागून येणाऱ्या रिक्षाला, टेम्पोला तुम्ही काय करताय याची काही कल्पना नसते. त्या दिवशी डोळे तपासायला निघालेला म्हातारा बाप तुमच्या शेजारच्या सीटवर बसलेला होता.

तुमच्या पहिल्या वाक्यापाशी मी थोडी रेंगाळते. घरात आणि ऑफिसात तुमचा आवाज कधीच चढत नाही. कधीच? हे तुम्ही कौतुकाने लिहिलंय, पण मला त्यात एक प्रश्न दिसतो. दिवसभर जे गिळता ते कुठेतरी बाहेर पडणारच, आणि गाडी ही फार सोयीची जागा आहे. काचा वर, नाव कोणाला माहीत नाही, समोरचा पुन्हा भेटणार नाही. माझा अंदाज चुकीचाही असेल. पण एक करून पाहा. ज्या दिवशी गाडीत जास्त भडकलात त्या दिवशी निघण्याआधीच्या तासात काय झालं होतं ते आठवा. साहेबांचा फोन, घरातली अर्धवट राहिलेली बोलाचाली, उपाशीपोटी निघणं. कारण तिथे सापडलं तर त्यावरचा उपायही तिथेच करावा लागेल. किल्ली फिरवण्याआधी दोन मिनिटं गाडीत नुसतं बसण्यानेसुद्धा पुष्कळ फरक पडतो. पट्टा लावा, आरसे नीट करा, रस्ता मोबाइलवर आत्ताच लावून ठेवा, आणि मग निघा. आणि दहा मिनिटं लवकर निघा. घाईत असलेल्या माणसाला सौजन्याचे धडे देऊन काही उपयोग नसतो.

राग आवरायला बरेच जण एक युक्ती सांगतात: समोरच्याच्या घरी कोणी आजारी असेल, तो दवाखान्यात चालला असेल अशी कल्पना करा. माझ्या बाबतीत ही युक्ती चालली नाही. मनाला ते खोटं आहे हे कळतं. मला चाललं ते एकच वाक्य, "मला दिसत नाहीये." ते कुठून आलं ते सांगते. काही वर्षांपूर्वी टिळक रस्त्यावर सिग्नल हिरवा झाला आणि पुढची गाडी हलेचना. मी हॉर्न दिला. पुन्हा दिला. तिसऱ्यांदा हात हॉर्नवर ठेवूनच दिला. पुढच्या गाडीतला माणूस दार उघडून उतरला. मला वाटलं, आता हा भांडायला येणार. तो माझ्याकडे न येता पुढे गेला आणि वाकला. त्याच्या गाडीसमोर भंगाराची हातगाडी होती. तिचं एक चाक गटाराच्या जाळीत अडकलेलं, गाडीवाली बाई दोन्ही हातांनी दांडा उचलायचा प्रयत्न करत होती, आणि माझा हॉर्न चालू होता. त्याने मागून जोर लावला, चाक निघालं, तो येऊन गाडीत बसला आणि गेला. मी तो सिग्नल चुकवला आणि पुढच्या हिरव्यापर्यंत तिथेच बसून राहिले. त्या बाईने एकदा मान वळवून माझ्या गाडीकडे पाहिलं होतं, ते अजून आठवतं. पुढची गाडी का थांबली हे मागच्याला बहुतेक वेळा दिसत नाही. कोणी ओलांडत असेल, कुत्रं आडवं आलं असेल, खड्डा असेल. हे वाक्य खरं असतं म्हणून मन ते मानतं.

हॉर्नचा विषय निघालाच आहे. आपल्याकडे हॉर्न पूर्ण बंद करा असं मी म्हणणार नाही. घाटातल्या आंधळ्या वळणावर एक छोटा हॉर्न हवाच, रिव्हर्स येणाऱ्याला आपण दिसलो नसू तर हवाच. बाकी बहुतेक हॉर्न म्हणजे नुसती चिडचिड असते. मुंबई पोलिसांनी २०२० च्या सुरुवातीला एक प्रयोग लोकांसमोर आणला होता. काही सिग्नलना आवाज मोजणारं यंत्र जोडलं आणि आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नलचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. जितका हॉर्न माराल तितकं थांबाल. विनाकारण हॉर्न वाजवण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात पहिल्या वेळी १००० रुपये आणि पुढे २००० रुपये दंडही आहे. पण दंडापेक्षा मोजणं कामाला येतं. एक आठवडा रोज किती वेळा हॉर्न दिला ते मोजा आणि प्रत्येक वेळी स्वतःला विचारा, त्याने काय हललं? पहिल्या दिवशीचा आकडा बघून तुम्ही स्वतःच गप्प व्हाल.

"सभ्यपणे चालवणारा मूर्खात निघतो," असं तुम्ही म्हणता. इथे मला वाटतं आपल्या मनात सभ्यपणाचं चित्रच थोडं चुकलेलं आहे. सभ्य म्हणजे सगळ्यांना वाट देत बसणारा, मध्येच थांबणारा, हाताने "या या" करणारा. तसं चालवलं तर धोकाच आहे. झेब्रावर कोणी उभं दिसलं तर आधीपासून वेग कमी करत या, मागचा आरसा बघा, आणि थांबा. पण हाताने "चला" अशी खूण करू नका. तुम्ही थांबलात म्हणून पलीकडच्या लेनमधला थांबेलच असं नाही, आणि तुमच्या खुणेवर विश्वास ठेवून निघालेली आजी त्याच्यापुढे जाते. थांबणं तुमचं काम, दोन्हीकडे बघून पाऊल टाकणं तिचं. तसंच डिपरचं. इंग्लंडमध्ये लाइट मिचकावला की बहुधा "तुम्ही जा" असा अर्थ घेतात, आपल्याकडे "मी येतोय, थांब" असा. म्हणजे नम्रपणाने डिपर मारलात तरी अर्थ उलटाच लागायचा. चौकात सरळ जाताना चारी इंडिकेटर लावण्याची जी पद्धत पडली आहे तिनेही असाच घोळ होतो. बाजूने बघणाऱ्याला चारातला एकच दिवा दिसतो आणि तुम्ही वळताय असं वाटतं. रस्त्यावरचं सौजन्य म्हणजे मुख्यतः समोरच्याला तुमचा अंदाज येणं. वळायच्या बऱ्याच आधी इंडिकेटर, ब्रेक हळूहळू, लेन एकदा धरली की उगाच सोडायची नाही, रात्री समोरून गाडी आली की लाइट खाली. समोरच्याने अप्पर खाली केला नाही तर वेग कमी करून नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवा, तुमचा अप्पर चढवून दोघांनी आंधळं व्हायची गरज नाही. आणि चुकलात तर हात वर करा. मोटरसायकलवाल्यांपासून ट्रकवाल्यांपर्यंत तो वर केलेला हात सगळ्यांना कळतो, आणि त्याने किती भांडणं जागच्या जागी मिटतात हे तुमच्या वडिलांना विचारा.

पिवळ्या सिग्नलचं सांगते. पिवळा म्हणजे थांबा. अगदी रेषेपाशी पोचला असाल आणि थांबणं जास्त धोक्याचं असेल तेवढाच अपवाद. मागचा चिकटून येत असेल तर सिग्नल दुरून दिसतानाच पाय सोडा, ब्रेकवर हलका टेकवा, म्हणजे मागचे लाल दिवे त्याला आधी दिसतात. तरीही तो हॉर्न मारेल. मारू दे. त्याचा हॉर्न हा तुम्हाला हुकूम नाही. रेडिओचा आवाज थोडा वाढवा आणि रेषेमागे थांबा. एक अपवाद मात्र कायमचा धरा. मागे रुग्णवाहिका असेल तर डावीकडे सरकून जागा करा. तिला वाट न देणाऱ्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं कायदा सांगतो. पण १०८ ची गाडी सिग्नलला अडकलेली बघितल्यावर दंडाची आठवण करून द्यावी लागू नये.

एकट्याने बदलून काय होणार, हा तुमचा पुढचा प्रश्न. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती आणि ३२,८२५ पायी चालणारी. म्हणजे शंभरातली चौसष्ट अशी, ज्यांच्या भोवती पत्रा नव्हता. ही संख्या तुमच्या एकट्याने कमी होणार नाही हे मला माहीत आहे. पण रोज १७ आणि १७ असे ३४ किलोमीटर तुम्ही ज्यांच्या शेजारून जाता ती माणसं देशातली नाहीत, पिंपरीतली, खडकीतली, येरवड्यातली आहेत. त्यांच्यासाठी तुमची गाडी ही एक गाडी आहे, आकडा नाही. त्या हात जोडून उभ्या राहिलेल्या पोरासाठीही. आणि मागे येणाऱ्यांवर परिणाम होतच नाही असं नाही. एका रांगेत एकाने झेब्राच्या मागे गाडी उभी केली की शेजारच्याचीही गाडी पुष्कळदा थोडी मागे थांबते. नेहमी नाही. पण मी पाहिलं आहे.

ड्रायव्हर ठेवावा का? परवडत असेल आणि प्रवासाने खरंच थकत असाल तर जरूर ठेवा, त्यात कमीपणा नाही. मात्र मागच्या सीटवरून "अरे घुसव ना, काय बघतोस" असं म्हणणारे मालकही मी पाहिले आहेत, आणि तो ड्रायव्हर मग नोकरीच्या धाकाने घुसवतो. माझ्या मते आधी वेगळं करून बघा. तुमच्या वाटेवर मेट्रो आहे. पिंपरीहून बसायचं, जिल्हा न्यायालयाला उतरून रामवाडीची गाडी धरायची. आठवड्यातले दोन दिवस असे गेलात तरी उरलेल्या तीन दिवसांत तुम्ही थोडे ताजे असाल. स्टेशनपासून ऑफिसपर्यंत चालावं लागलं तर आणखी चांगलं. पायी चालणाऱ्याला आपल्या चौकातून जाताना कसं वाटतं ते पायीच कळतं.

आणि हे सगळं करूनही कोणीतरी उद्या आरशाला घासणार आहे. त्या क्षणासाठी आधीच ठरवून ठेवा, कारण त्या क्षणी विचार सुचत नाही. स्टिअरिंगवरची पकड सैल करायची, एक श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा. पाय उचलला की पाठलाग आपोआप बंद होतो. नुकसान झालं असेल तर नंबर लक्षात ठेवा, डावीकडे गाडी घेऊन थांबा, बघा, हवं तर तक्रार करा. चालत्या रस्त्यात दार उघडायचं नाही, हा नियम स्वतःला घालून घ्या. तुमच्यासारखीच पत्रं मला उलट बाजूनेही येतात, पाठलाग सोसलेल्यांची, आणि त्यांत स्कूटर चालवणाऱ्या मुली फार आहेत. त्यांच्यासाठी इथेच सांगते: कोणी मागे लागलं तर नजर भिडवू नका, एकट्या गल्लीत वळू नका, घरीही नेऊ नका. पेट्रोल पंप, हॉटेल, चौकी अशा उजेडाच्या, माणसांच्या जागी थांबा आणि ११२ ला फोन करा.

वडिलांची माफी मागायची का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्र त्यासाठीच लिहिलंत असं मला वाटतं. शब्दांत मागू नका, निदान आधी नको. पाच-सहा आठवडे हे सगळं एकट्याने करून बघा. मग एखाद्या रविवारी सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना, त्यांना म्हणा, "दादा, दिवे घाटापर्यंत जाऊन येऊ, चुकेल तिथे सांगा." ३२ वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला मुलाने असं विचारलं तर तो नाही म्हणेल असं मला वाटत नाही. तुम्ही त्यांना काय म्हणता हे मला माहीत नाही, दादा की अण्णा की बाबा, ते तुम्ही बघा. घाटात चढणारा ट्रक दिसला की अलीकडे थांबा. शेजारून जाताना त्याने हात केला तर तुम्हीही करा. त्यांच्या चेहऱ्याकडे बघू नका, बोलायलाही लावू नका. परतीच्या वाटेवर घाट उतरताना, रस्त्यावरची नजर न काढता, त्यांचा उजवा पाय चटईवर कुठे आहे एवढं जाणवून घ्या. तो पुढे सरकून दाबला गेला तर वेग कमी करा, कारण विचारू नका. नाहीच सरकला, तर घरी येऊन चहा घ्या आणि पुढच्या लग्नाला कसं जायचं ते त्यांना ठरवू द्या.